चटणी डावीकडे वाढतात

पत्र असं आहे:

"सिस्टर, नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते. आई, वय 76, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात असते. पाच महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे. दवाखान्यातून घरी आणल्यापासून घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी येतात, सकाळी आठ ते रात्री आठ. रात्री वरच्या मजल्यावरची चुलत वहिनी खाली झोपायला येते. मी महिन्यातून दोनदा जाते. घर चकाचक असतं. आई पावडर लावून, धुतलेल्या गाऊनमध्ये बसवलेली असते. ब्युरो रोज व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवतो, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. आईला विचारलं तर म्हणते, 'बरं हाय की.' तरी मला काहीतरी खटकतंय. ती गप्प झालीय. घरी आली तेव्हा उजव्या हातानं स्वतः जेवायची, आता मावशी भरवतात. म्हणतात, 'अर्धं ताट तसंच राहतं ओ, म्हणून भरवते.' कांदालसूण चटणीशिवाय घास न उतरणारी माझी आई आता चटणीकडे बघत नाही. तिचे केसही बारीक कापलेत. बेंगळुरूचा भाऊ म्हणतो, खोलीत कॅमेरा बसवू, म्हणजे कळेल. मावशींवर संशय घ्यायला जीव धजत नाही. पण काळजी नीट घेतली जाते की नाही, हे ओळखायचं तरी कसं? – पुण्याची लेक"

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ चटणीची आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. आधी तीच घेऊ, कॅमेऱ्याचं नंतर.

आपण ताट वाढतो कसं? मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडं. भाजी, उसळ, आमटी उजवीकडं. तुमच्या आईची डावी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागाला झाली. अशा पेशंटमधल्या बऱ्याच जणांचा नुसता डावा हातपाय जात नाही, डावीकडचं जगच त्यांच्या ध्यानातून जातं. डोळे चांगले असतात, चष्म्याचा नंबर तोच असतो, पण मन तिकडं वळत नाही. पुरुष अर्धीच दाढी करून उठतात. बायका केसांच्या उजव्या बाजूला तेवढा कंगवा फिरवतात. आणि जेवताना ताटाचा उजवा भाग लख्ख, डावा भाग जसाच्या तसा. वॉर्डात 31 वर्षं काढली मी. "अर्धं ताट तसंच राहतं" हे वाक्य डाव्या बाजूच्या पेशंटच्या नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकलंय, की तुमचं पत्र वाचताना मी तिथंच थांबले.

पत्रावरून निदान करण्याइतकी मी शहाणी नाही. पण पुढच्या खेपेला एवढं करून बघा. नेहमीसारखं ताट वाढा, आईच्या पुढ्यात ठेवा, आणि मावशींना हात लावू देऊ नका. आईला तिच्या उजव्या हातानं जेवू दे, सांडलं तर सांडू दे. तिचं झालं की एक शब्द न बोलता ताट उलटं फिरवा, डावीकडचं उजवीकडं येईल असं. जर त्यावर ती "ही चटणी कवा वाढलीस?" असं म्हणाली, तर तुमच्या मावशी आळशी नाहीत आणि आईची चवही गेलेली नाही. मग हे तुमच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना सांगा. ते तपासून पुढचे व्यायाम देतील. घरी करण्यासारखं सोपं आहे. ताटाच्या डाव्या कडेला एखादी लालभडक वाटी ठेवायची आणि "आक्का, लाल वाटी दिसेपर्यंत बघा" म्हणायचं. मान वळवायची सवय लागते हळूहळू.

आणि हो, पाण्याचा तांब्या कुठल्या बाजूला ठेवलेला असतो तेही बघा. जुन्या घरांत पलंग भिंतीला लावलेला असतो, स्टूल जिथं मावेल तिथं. ते डावीकडं असलं तर तांब्या भरलेला, आई तहानलेली, आणि तक्त्यात "पाणी जवळ ठेवले" पुढं बरोबरची खूण. ती खूण खोटी नसते, हीच तर गंमत. पाणी, हाक मारायची घंटी, फोन हे सगळं उजव्या हाताला पाहिजे.

आता मावशींचं. त्यांना कुणी सांगितलंच नसणार. दवाखान्यातून सोडताना कागद हातात देतात, गोळ्यांच्या वेळा सांगतात. "ताट फिरवून बघा" हे सांगायला कुणाला सवड नसते. मावशींनी अर्धं राहिलेलं ताट बघितलं, जीव तुटला, भरवायला लागल्या. उपाशी ठेवण्यापेक्षा केव्हाही बरं. पण उजवा हात धडधाकट असलेली बाई आता दुसऱ्याच्या हातानं जेवते आणि हे हळूहळू सगळ्यांना नेहमीचं वाटायला लागलंय. घरी होणाऱ्या सेवेत मला सगळ्यात जास्त भीती या प्रकाराची वाटते. दुर्लक्ष डोळ्यांना दिसतं तरी. जास्तीची मदत मायेसारखी दिसते. भरवणं पटकन होतं, साडी नेसवण्यापेक्षा गाऊन पटकन चढतो, संडासापर्यंत धरून नेण्यापेक्षा डायपर सोपा. प्रत्येक सोय आपापल्या जागी बरोबरच असते, आणि चार-सहा महिन्यांनी पेशंटला स्वतःचं करायचं म्हणून काही उरत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर असं, की मावशींनी आज काय काय केलं हे मोजू नका. आई काल जे स्वतः करत होती ते आज करते का, हे बघा. दवाखान्यात यासाठी बार्थेल इंडेक्स नावाची मोजपट्टी वापरतात. 1965 पासूनची आहे. जेवण, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शौच, लघवी, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना, अशा दहा गोष्टी आणि एकूण 100 गुण. फिजिओथेरपिस्टकडून एकदा भरून घ्या, तारीख घालून फ्रीजवर चिकटवा, तीन महिन्यांनी परत भरा. जेवणाचे गुण कमी झाले असतील, आणि नवा झटका किंवा दुसरा आजार झालेला नसेल, तर काळजीत कुठंतरी चुकतंय. तक्त्यात कितीही खुणा असल्या तरी.

त्या तक्त्याबद्दल दोन शब्द. अवेदिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये मांडलेला एक विचार नर्सिंगच्या पोरींना आजही शिकवतात. सेवेची प्रत तीन ठिकाणी बघायची: साधनं काय आहेत, काम कसं होतं, आणि त्यातून पेशंटचं काय झालं. चकाचक घर आणि एअर बेड ही साधनं. बरोबरच्या खुणा म्हणजे काम झाल्याचा दावा. तिसरा रकाना ब्युरोच्या तक्त्यात नसतोच. तो तुम्हाला भरायचाय.

माझी भाची इंग्लंडात घरोघरी जाऊन हेच काम करते. तिथं अशा संस्थांची तपासणी करायला केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारमान्य यंत्रणा 2009 पासून आहे. ती पाच प्रश्न विचारते. सेवा सुरक्षित आहे का, तिचा उपयोग होतो का, मायेनं होते का, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे होते का, आणि संस्था नीट चालवली जाते का. मायेचा प्रश्न सरकारी फॉर्मात असतो हे ऐकून मी हसले होते. भाची म्हणाली, "मावशे, हसू नकोस, पंधरा मिनिटांत आंघोळ घालून पळायचं म्हटल्यावर माया कुठनं आणायची?" सेवा कशी असावी याच्या शिफारशी करणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेनं 2015 मध्ये सांगितलं, की मोजक्या अपवादांखेरीज घरची भेट अर्ध्या तासापेक्षा छोटी नसावी. म्हणजे तपासणी असलेल्या देशातही घाईचं दुखणं आहेच. आपल्याकडं घरी येणाऱ्या मावशींचं काम येऊन बघणारा असा कुणी साहेब नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते ती नर्सची. मावशी म्हणजे मदतनीस. काहींनी जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेला असतो, बऱ्याचशा एकमेकींचं बघून शिकलेल्या असतात. तेव्हा इन्स्पेक्टर तुम्हीच. फक्त पोलिसाच्या डोळ्यानं बघू नका.

कधी जायचं? तुम्ही बहुतेक शनिवारी दुपारी पोचता आणि रविवारी निघता. दुपारी चारला कुठलंही घर चांगलंच दिसतं. एकदा रात्रीची महालक्ष्मी पकडा, ती सकाळी कोल्हापुरात आणून सोडते. आठला मावशी येतील तेव्हा तुम्ही चहा घेत घरात असा. धाड घालायची नाही, आदल्या दिवशी फोन करून "मी येणार आहे, आंघोळ मलाही शिकवा" म्हणून सांगा. आंघोळ ही सगळ्यात मोठी परीक्षा. तासाभरात सगळं दिसतं.

मी काय बघते ते सांगते. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघतात का, आणि मग पेशंटच्या उजव्या हातावर? डाव्या बाजूला स्पर्श कमी कळत असेल तर चटका बसलेला तिला कळणार नाही. अंगावरचं सगळं एकदम काढतात की एक बाजू पुसताना दुसरी झाकलेली असते? दार लोटलेलं असतं का? "आता पाठ पुसते हं" असं सांगून हात लावतात का, की भांडं घासल्यासारखं? उठवताना कुठं धरतात? ही गोष्ट लक्ष देऊन बघा. डावा हात धरून किंवा डाव्या काखेत हात घालून ओढत असतील तर तिथंच थांबवा. लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो, ओढाओढीनं सांध्यातून सरकतो, आणि मग आई दिवसभर कण्हते नि सगळे म्हणतात वयामुळं. कमरेला धरून, तिच्या चांगल्या पायावर भार घेत कसं उठवायचं ते फिजिओथेरपिस्ट दहा मिनिटांत दाखवतात. त्या दिवशी मावशी, तुम्ही आणि रात्रीची वहिनी तिघी हजर पाहिजेत. वहिनीला विसरू नका, रात्रीचे बारा तास तिचे आहेत आणि तिचा तक्ता कुणी भरत नाही.

आंघोळ झाली की पावडर लावायच्या आधी पाठ बघा. आधी म्हणजे आधीच, पावडरीखाली काही दिसत नाही. माकडहाड, दोन्ही खुबे, खांद्याची हाडं, कोपर, घोटे, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी. जिथं हाड कातडीजवळ आहे तिथं तिथं. लालसर चट्टा दिसला तर बोटानं दोन-तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर बहुधा नुकताच दाब पडलेला आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, तिथं हाताला गरम, टणक किंवा पिठासारखं मऊ लागतं का बघा. अशा जागेवर चोळायचं नाही, तेल रगडायचं नाही, रबराचं कडं ठेवायचं नाही. दाब काढायचा, आणि कातडी फुटलेली असेल तर घरगुती मलम न लावता डॉक्टरना दाखवायचं. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा गैरसमज तर घरोघरी आहे. पलंगावर असताना दर दोन तासांनी कूस, हा आमचा वॉर्डातला नियम होता. खुर्चीत बसवलं तरी तासन् तास तसंच ठेवायचं नाही.

आणि टाचा. टाचांचं मी स्वतः ठेच खाऊन शिकलेय. माझे वडील मंगळवार पेठेतले, खासबागेत कुस्त्या केलेला गडी. शेवटचं वर्ष अंथरुणावर होते. त्यांना बाईमाणसाच्या हातची आंघोळ नको होती म्हणून एक मामा ठेवले होते, दिवसभर त्यांच्याशी जुन्या कुस्त्या बोलत बसायचे. थंडीत मामांनी मायेनं लोकरी मोजे घातले. मी रोज संध्याकाळी ड्युटी करून जायची आणि पाठ बघायची. पाठ अशी की आरशासारखी. मामांचं कौतुक करायची मी, वॉर्डात सांगायची सुद्धा. तीन आठवड्यांनी मोज्याला वास यायला लागला. उजव्या टाचेला रुपयाएवढी काळी जखम. मामांना कशाला बोलू? नर्स मी होते. मोजा मी काढला नव्हता. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की आधी पायाशी बसते. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या, एवढंच लागतं.

तोंड बघा. डाव्या गालात घास साठून राहतो, तिला कळत नाही. जेवणानंतर बोट किंवा ओला बोळा फिरवून काढतात का? कवळी असेल तर रात्री काढून धुतात का? जेवताना आई ताठ बसलेली असते का, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तशीच बसू देतात का? जेवताना वरचेवर ठसका लागत असेल, पाण्यानं आवाज ओला-घोगरा होत असेल तर डॉक्टरना लगेच सांगा. अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीचा रंग बघा. गडद आणि उग्र वासाची असेल तर पाणी कमी पडतंय. कधी कधी मावशी मुद्दाम पाणी कमी देतात, सारखं बदलावं लागू नये म्हणून. रागवायच्या आधी विचारा, की डायपर रोजचे किती देता तुम्ही? मोजून तीन दिले असतील तर पाण्याची काटकसर तुमच्यापासून सुरू झालीय.

बांगड्या! वजनकाट्यावर उभं राहता येत नाही तेव्हा बांगड्या बघायच्या. मनगटावर बसणाऱ्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या असतील तर आई वाळलीय.

आता "बरं हाय की" या उत्तराचं. पेठेतली बाई याशिवाय काय सांगणार तुम्हाला? मावशी दारात उभ्या, लेक पाच तासांचा प्रवास करून आलेली, आणि मनात एकच भीती, की ही मावशी गेली तर पुढं काय. "मावशी चांगल्या आहेत ना?" हा प्रश्नच विचारू नका, त्यात उत्तर आधीच घातलेलं आहे. मावशींना दूध आणायला गंगावेशीत पाठवा, म्हशीचं धारोष्ण पाहिजे म्हणून सांगा, तेवढीच त्यांचीही मोकळी चक्कर. मग आईचे पाय चेपत बसा आणि बारीकसारीक विचारा. आज पाणी कढत होतं का कोमट? दुपारी लघवीला लागली तेव्हा हाक मारलीस का? किती वेळानं आल्या? केस कुणी कापले गं, कुणाच्या म्हणण्यावरून? शेवटच्या प्रश्नावर ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. घाईनं दुसरा प्रश्न टाकू नका.

केसांनी जखम होत नाही, म्हणून हे किरकोळ वाटतं. पण जी बाई आयुष्यभर अंबाडा घालून, स्वतःच्या बोटानं कुंकू लावून अंबाबाईला गेली, तिचे केस सोयीसाठी उतरवले आणि तिला विचारलं नाही, तर ती गप्प होणारच. कदाचित विचारलंही असेल, उवा झाल्या असतील, गुंता सुटत नसेल, आई स्वतःच म्हणाली असेल, "काप बाई एकदाचे." मला माहीत नाही. म्हणून तर विचारायचं. कुंकवाची डबी आणि आरसा तिच्या उजव्या हाताशी ठेवा. कुंकू थोडं वाकडं लागेल. पुसून सरळ करायला जाऊ नका.

गप्प होण्याचं खापर मात्र एकट्या मावशींवर फोडू नका. पक्षाघातानंतर साधारण तिनातल्या एकाला नैराश्य येतं, कितीही चांगली सेवा असली तरी. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरना तसं स्पष्ट शब्दांत सांगा. आणि गप्पपणा एक-दोन दिवसांत अचानक आला, सोबत बरळणं किंवा सुस्ती असली, तर वाट न बघता दाखवा. त्या वयात लघवीचा जंतुसंसर्ग असा सुद्धा दिसतो, आणि दुसरा झटकाही.

भावाच्या कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्वच्छ आहे. झोपायच्या खोलीत, जिथं आईचे कपडे बदलतात, तिथं नको. तुमच्या भावासमोर आई आयुष्यात पदर न घेता बसली नसेल. त्याच्या फोनवर तिची आंघोळ दिसणार का? सोप्यात किंवा दारात लावायचा असेल तर लावा, आईला विचारून आणि मावशींना दाखवून. चोरून नको. पाण्याचा चटका कॅमेऱ्याला कळत नाही, टाच त्याला दिसत नाही. बेंगळुरूहून त्याला काही करायचंच असेल तर रोज संध्याकाळी सातला आईला फोन लावू दे आणि दहा मिनिटं बोलू दे, मावशींशी नव्हे, आईशी. आवाज रोज ऐकणाऱ्याला बदल आधी कळतो.

तक्त्याऐवजी एक दोनशे पानी वही आणा. मावशींना लिहिता येत असेल तर त्यांनी, नाहीतर वहिनीनं लिहायचं. काय आणि किती खाल्लं, त्यातलं स्वतःच्या हातानं किती. पाण्याचे ग्लास. लघवी-शौच. कातडीवर काही दिसलं का. आणि एक ओळ मनाची, "आज शेजारच्या काकू आल्या, हसल्या", अशी. बरोबरची खूण करायला बंदी. चार दिवस आळस करतील, पाचव्या दिवसापासून लिहितील. आणि तुम्ही ती वाचता हे त्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर आठवड्यात तिचाही तक्ता होतो.

आता तुमच्या घराची तपासणी. या पाच महिन्यांत मावशी एकच आहेत की बदलत राहिल्या? पत्रात तुम्ही त्यांचं नावही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. ब्युरो तुमच्याकडून घेतो किती आणि त्यांच्या हातात पडतात किती, हे कधी विचारलंत? बारा तासांत त्यांनी जेवायचं कुठं, पाठ टेकायची कुठं? महिन्याच्या सुट्ट्या किती, आणि सुट्टीला येणाऱ्या बदलीला आईच्या डाव्या बाजूचं कोण सांगतं? "आमची सगळी माणसं ट्रेंड आहेत" असं ब्युरो म्हणेल. विचारा, कशात ट्रेंड? पक्षाघाताचा पेशंट आधी सांभाळलाय का? ओळखपत्राची प्रत, पोलिस पडताळणीचा कागद मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि नळीतून भरवणं सुरू झालं, लघवीची नळी बदलायची असली, इंजेक्शन असलं, तर ते मावशींवर ढकलू नका. त्याला नोंदणी असलेली नर्स बोलवायची. दोनशे-चारशे वाचवायला जाऊन दवाखान्यात चार दिवस काढलेली घरं मी पाहिलीत.

भरवण्याचं त्यांच्याशी बोलताना "तुम्ही चुकलात" असं म्हणू नका. ताट फिरवायचं त्यांच्यासमोरच करा. अशा बायकांना एकदा कारण कळलं की त्या आपल्यापेक्षा जास्त नेटानं करतात, हा माझा अनुभव आहे. जेवायला आता पंधरा मिनिटांऐवजी चाळीस लागतील, तेवढा वेळ त्यांना मिळेल असं बघा. त्या वेळात कपडे, फरशी, भांडी सांगू नका. घर थोडं कमी चकाचक झालं तर माझी काही तक्रार नसेल.

काही गोष्टींत मात्र समजूतदारपणा नको. दंडावर बोटांच्या ठशांसारखे निळे डाग, मावशी खोलीत आल्या की आईचं अंग आक्रसणं, दिवसभर झोपेत असणं आणि झोपेच्या गोळ्यांचं पाकीट हिशेबापेक्षा लवकर संपणं, किंवा अंगावरचा दागिना "कुठंतरी पडला" असणं. यातलं काही दिसलं तर आधी आईला दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या, डॉक्टरना दाखवून नोंद करून घ्या, मग ब्युरोशी आणि गरज पडली तर पोलिसांशी बोला. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात मला असं काही दिसलेलं नाही. पण पोचल्यावर एकदा बाह्या वर करून बघा.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा कांदालसूण चटणी ताजी करा आणि नेहमीच्या जागी, डावीकडंच वाढा. ताट फिरवल्यावर आई काय म्हणाली ते मला कळवा. आणि मावशींचं नावही.